घरचे इंटरनेट बंद पडले तर आधी पाट चालून पहा

सभासद बंधू-भगिनींनो,

लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या अंकात विषय जरा निराळा घेतला आहे. गट ऑफिसला येणारे सभासद हल्ली उसाच्या तक्रारीबरोबर आणखी एक तक्रार घेऊन येतात : "साहेब, घरचं नेट बंद आहे, तेवढा सातबारा काढून द्या." आज सातबारा, बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्ती, मुलांचे प्रवेश अर्ज ही सर्व कामे इंटरनेटवर आली आहेत. बऱ्याच सभासदांच्या घरी संगणकही आला आहे. मात्र तो चालेनासा झाला की काय पहावे, हे कोणी शिकवलेले नाही.

हा विषय घेण्याचे खरे कारण आमच्या गटातील एक प्रसंग आहे. एका सभासदाच्या मुलीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा विकल्प अर्ज भरायचा होता आणि मुदत त्याच रात्री संपत होती. संध्याकाळी अर्ज निम्मा भरून झाला आणि नेट गेले. वडिलांनी कंपनीला फोन लावला, तो लागेना. मग भर पावसात बाप-लेक मोटरसायकलने तालुक्याला गेले. दुकान बंद झाले होते. परत येईपर्यंत मुदत टळली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, त्याने माळ्यावर ठेवलेल्या राऊटरची ढिली झालेली पिन दाबून बसवली आणि नेट सुरू झाले. काम अर्ध्या मिनिटाचे! मुलीला पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण घराजवळच्या कॉलेजात नाही. आता वसतिगृहाचा खर्च चालू आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, त्या सगळ्या वेळात वडिलांच्या खिशातल्या मोबाईलवर नेट चालू होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ते नेट संगणकाला जोडता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

असा प्रसंग दुसऱ्या घरी येऊ नये, म्हणून हा लेख.

ऊस सभासद आणि संगणक : नाते जुने आहे

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. तेथील सहकारी साखर कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद गावातल्या केंद्रावर जाऊन आपल्या उसाची माहिती घेऊ लागले. तेव्हा शहरांत पुष्कळांच्या घरी संगणक नव्हता. म्हणजे ही विद्या आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे कोणी समजू नये.

त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून नेट यायचे आणि त्याचा वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट असायचा. आज घराघरांत काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची केबल येते. तिच्यावरचे ४० मेगाबिटचे साधे कनेक्शन घेतले तरी वेग त्याच्या सातशे पट होतो. वेग वाढला, पण बिघाड शोधण्याची रीत मात्र तीच राहिली आहे.

पाट चालून पहा, म्हणजे काय?

उपसा योजनेचे पाणी आपल्या सरीत येत नसेल तर आपण काय करतो? थेट नदीवर मोटर खोलायला धावत नाही. आधी पाहतो की एकच सरी कोरडी आहे का सगळे रान कोरडे आहे. मग पाट फुटला का पाहतो. मग चेंबरवर जातो. चेंबरमध्ये पाणी असेल तर दोष आपल्या रानात. चेंबरच कोरडा असेल तर दोष वरच्या अंगाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इंटरनेटचेही अगदी असेच आहे. कंपनी ही उपसा योजना. खांबावरून आलेली केबल ही मुख्य पाईपलाईन. घरातला दिवे लुकलुकणारा राऊटर हा आपला चेंबर. वायफाय किंवा वायर हा पाट, आणि संगणक ही शेवटची सरी. यांपैकी कोठे अडले आहे ते आधी ठरवायचे आणि मगच हात लावायचा. हे न करता कोणी नवीन संगणक घेतो, कोणी विंडोज नव्याने भरून आणतो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातला हा प्रकार होय.

दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकाच प्लॉटला एकाच दिवशी खत, औषध व पाणी तिन्ही दिले तर कशाचा गुण आला ते कळत नाही. तसेच येथे.

पायरी १ : एकच सरी कोरडी का सगळे रान?

घरातला मोबाईल हातात घ्या. त्याचा स्वतःचा मोबाईल डेटा बंद करा आणि वायफाय चालू ठेवा. डेटा चालू राहिला तर मोबाईल आपले नेट वापरतो आणि आपली फसगत होते. आता एखादे पान उघडून पहा. मोबाईलवर उघडले आणि संगणकावर उघडत नसेल तर दोष संगणकाचा, मग पायरी ४ वर जा. दोन्हीकडे उघडत नसेल तर दोष चेंबरचा किंवा त्याच्या वरचा, मग पुढच्या पायरीला या.

पायरी २ : चेंबरवर जाऊन दिवे पहा

एकही दिवा नसेल तर वीज नाही. बटण, अडॅप्टर व राऊटरच्या पाठीमागची पिन पहा. केर काढताना, किंवा उंदराच्या कृपेने, ही पिन ढिली होते.

फायबरच्या राऊटरवर बहुधा 'पॉन' आणि 'लॉस' अशा नावांचे दोन दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा आणि लॉसचा दिवा विझलेला, ही निरोगी स्थिती. लॉसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर केबलमधून प्रकाशच येत नाही. केबल तुटली आहे, दबली आहे किंवा निसटली आहे. येथे आपल्या हातात एवढेच आहे की घरातली केबल कोठे दुमडली किंवा खाटेच्या पायाखाली आली आहे का ते पहायचे. नसेल तर कंपनीला कळवायचे. संगणकाशी खटपट करून उपयोग नाही.

पॉन हिरवा आहे, लॉस विझलेला आहे, पण 'इंटरनेट' नावाचा दिवा लाल किंवा बंद असेल, तर पाईपलाईन शाबूत असून वरून पाणी सोडलेले नाही असे समजावे. याचे सर्वात साधे कारण म्हणजे रिचार्ज संपणे. तारीख आधी पहा, मग फोन करा.

पायरी ३ : एकदा बंद करून चालू करणे

राऊटर हाही एक छोटा संगणकच आहे. महिनोन् महिने चालू राहिला की कधी कधी अडकतो. बटण बंद करून अर्धा ते एक मिनिट थांबावे. मग चालू करून चार-पाच मिनिटे त्याला हात लावू नये, कारण पुन्हा जोडले जायला तेवढा वेळ लागतो. पुष्कळ लोक एका मिनिटात पुन्हा बंद करतात आणि 'काही फरक नाही' म्हणतात.

येथे आमचाच एक मूर्खपणा सांगतो. राऊटरच्या मागे एक बारीक भोक असते, त्यात टाचणी घालून दाबता येते. आम्ही 'चालू-बंद' करण्याऐवजी ते दहा सेकंद दाबून धरले. त्याने राऊटरमधली कंपनीने भरलेली सगळी माहिती, नाव व पासवर्डसुद्धा, पुसली गेली. मूळ बिघाड दहा मिनिटांचा होता, आम्ही तो दोन दिवसांचा केला. बंद करून चालू करणे निराळे आणि ते भोक दाबणे निराळे. कंपनीचा माणूस सांगेपर्यंत त्या भोकाच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ४ : दोष संगणकात असेल तर

विंडोजच्या संगणकावर उजवीकडे खाली कोपऱ्यात वायफायची खूण असते. तेथे विमानाचे चित्र दिसत असेल तर 'एरोप्लेन मोड' चुकून चालू झाला आहे, तो बंद करा. शेजाऱ्याचे नाही ना, आपल्याच वायफायचे नाव दिसते ना, ते पहा. पासवर्ड बदलला असेल तर जुने नाव विसरायला लावून (तेथे 'फर्गेट' असे लिहिलेले असते) नव्याने जोडा. संगणक एकदा रीस्टार्ट करा.

वायरने जोडलेला असेल तर वायरची टोके 'टिक' आवाज होईपर्यंत बसवा. बहुतेक संगणकांवर त्या खाचेपाशी दोन बारीक दिवे लुकलुकतात. ते लुकलुकत नसतील तर वायर बदलून पहा.

तारीख व वेळही पहावी. जुन्या संगणकातला बटणाएवढा सेल संपला की तारीख मागे जाते. मग बँकेची, सरकारी अशी सुरक्षित पाने 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. लोक नेटला दोष देतात, पण खरा दोष त्या छोट्या सेलचा असतो.

पायरी ५ : आकड्यांची परीक्षा

हे काम घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून करून घ्यावे. अवघड मुळीच नाही. विंडोजच्या शोध-चौकटीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबले की काळी खिडकी उघडते. तीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. जी यादी येते तिच्यात 'आयपीव्ही४ ॲड्रेस' आणि 'डिफॉल्ट गेटवे' या दोन ओळी शोधा.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. चेंबर व सरी यांच्यामधला पाट तुटला आहे. तेव्हा वायफाय किंवा वायर पुन्हा जोडा आणि राऊटर एकदा बंद-चालू करा.

पत्ता बरोबर असेल तर पी, आय, एन, जी ही अक्षरे टाइप करून एक जागा सोडा आणि गेटवेचा आकडा (पुष्कळ घरी १९२.१६८.१.१ असतो) इंग्रजी अंकांत घाला. 'रिप्लाय' आला तर चेंबरपर्यंत वाट मोकळी आहे. मग त्याच रीतीने ८.८.८.८ हा आकडा घालून पहा. हा गूगल कंपनीचा सार्वजनिक पत्ता आहे. येथून रिप्लाय आला तर बाहेरच्या जगापर्यंत वाट मोकळी आहे. गेटवे बोलतो आणि ८.८.८.८ बोलत नाही, तर दोष बहुधा कंपनीच्या अंगाला आहे असे समजून त्यांना तसे सांगा.

कधी कधी आकड्याला उत्तर येते, पण कोणतेही पान नाव घालून उघडत नाही. याचे कारण असे की, इंटरनेटवर प्रत्येक ठिकाण आकड्याने ओळखले जाते आणि नावावरून आकडा शोधून देणारी एक यंत्रणा असते, तिला डीएनएस म्हणतात. गट नंबर माहीत आहे, पण शेताच्या नावावरून तो सांगणारा तलाठी रजेवर आहे, असा हा प्रकार. राऊटर बंद-चालू केल्याने बहुधा सुटतो. नाही सुटला तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे आकडे घालून पहावेत.

पायरी ६ : बाकी सगळे उघडते, एकच पान उघडत नाही

मग आपले नेट ठणठणीत आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळे एकदम तुटून पडल्याने ते संकेतस्थळच बसले असेल. अशा वेळी राऊटर खोलू नये. थोडे थांबून, शक्य तर पहाटे, पुन्हा पहावे. म्हणूनच मुदतीच्या आधी चार दिवस अर्ज भरणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

नेट चालू आहे, पण रडतखडत

आधी हिशेब नीट समजून घ्या. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, संगणक फाईलचा आकार मेगाबाईटमध्ये दाखवतो, आणि एका बाईटचे आठ बिट. म्हणून ४० मेगाबिटच्या कनेक्शनवर सेकंदाला ५ मेगाबाईट उतरले तर कंपनीने फसवले नाही. महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावरही वेग उतरतो. शिवाय घरात टीव्हीवर सिनेमा चालू असेल तर एका चेंबरवर दोन बाऱ्या लावल्यासारखे होते.

राऊटरची जागाही महत्त्वाची. जुन्या वाड्याच्या दोन फुटी दगडी भिंती, स्लॅब, पत्रा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी वायफायला अडवतात. राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवावा. पण दिवे दिसतील असा ठेवावा, माळ्यावर दडवू नये. वायफायचे बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो पण सावकाश चालतो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंतीपलीकडे दमतो. लांबच्या खोलीत पहिला धरावा. गोठ्याशेजारच्या खोलीपर्यंत न्यायचे असेल तर सरळ वायर टाकावी, ती १०० मीटरपर्यंत चालते.

केबल तुटते कोठे?

हे लिहिताना थोडे आपल्याकडेच पहावे लागते. हंगामात गावात केबल तुटण्याचे एक कारण म्हणजे वाजवीपेक्षा उंच भरलेली उसाची ट्रॉली. रस्त्यावरून आडवी गेलेली केबल तिच्यात अडकते आणि साऱ्या आळीचे नेट जाते. वाहतूकदारांना व टोळीला आमची विनंती आहे की, भरण बेताची ठेवावी. पाईपलाईनसाठी जेसीबीने चर काढतानाही केबल कोठून गेली आहे ते आधी विचारावे. आणि एक कळकळीची सूचना : लोंबणारी तार नेटची का विजेची हे लांबून कळत नाही. ती हाताने किंवा उसाने उचलू नये.

फायबरच्या तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. वळवाचा गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. काचेच्या तंतूतून वीज येत नसली तरी अडॅप्टरच्या वाटेने ती येते. भारनियमनासाठी राऊटरला छोटा यूपीएस मिळतो. घेताना राऊटरवर लिहिलेले व्होल्ट (बहुधा १२) जुळवून घ्यावेत.

मुदतीचा दिवस असेल तर

पायऱ्या चढत बसू नये. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट' असते, ते चालू करावे. मोबाईलचाच छोटा राऊटर होतो आणि संगणकाच्या वायफाय यादीत त्याचे नाव दिसते. तेथे दिसणारा पासवर्ड घालून काम उरकावे. संगणकाला वायफाय नसेल तर मोबाईल चार्जिंगच्या वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. आधी काम, मग दुरुस्ती. ही गोष्ट आजच, नेट चालू असताना, एकदा करून पहावी. अडचणीच्या रात्री शिकायला वेळ नसतो.

कंपनीला फोन करताना

कंपनीचा नंबर पावतीवरून किंवा राऊटरवरच्या चिठ्ठीवरून घ्यावा. गूगलवर शोधून सापडलेल्या नंबरावर भरवसा ठेवू नये, तेथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. "हे ॲप टाका, मी इकडूनच दुरुस्त करतो", "आलेला ओटीपी सांगा" असे कोणी म्हटले की फोन ठेवावा. नेट दुरुस्तीला ओटीपी लागत नाही. ऊसबिल जमा होण्याच्या दिवसांत तर विशेष सावध रहावे. वर्षाचे कष्ट एका फोनवर जातात. तसे घडलेच तर विनाविलंब १९३० या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे.

"नेट बंद आहे" एवढेच सांगण्यापेक्षा "लॉसचा दिवा लाल आहे" किंवा "गेटवेला उत्तर येते, ८.८.८.८ ला येत नाही" असे सांगितले तर माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि आपली एक खेप वाचते. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

भिंतीवर लावण्यासाठी

एका पुठ्ठ्यावर हे लिहून राऊटरजवळ लावावे :

१. मोबाईल डेटा बंद करून वायफाय तपासा.
२. राऊटरचे दिवे पहा. पिन, वीज, लाल दिवा.
३. रिचार्जची तारीख पहा.
४. एकदाच बंद, एक मिनिट थांबा, चालू, पाच मिनिटे थांबा.
५. टाचणीचे भोक दाबू नका.
६. मुदत असेल तर हॉटस्पॉट.
७. कंपनीचा नंबर, ग्राहक क्रमांक व रिचार्जची तारीख.

सातवी ओळ आजच भरावी. पुढच्या वेळी आम्ही गटात आलो की उसाबरोबर हा पुठ्ठाही पाहू, आणि ज्यांना हॉटस्पॉट जोडता येत नसेल त्यांना जोडून दाखवू. ज्या मुलीची हकीकत वर सांगितली, तिनेच त्यांच्या घरचा पुठ्ठा स्वतःच्या अक्षरात लिहून लावला आहे. वसतिगृहातून सुट्टीला आली की ती वडिलांची उजळणी घेते.

आपला,
ऊस विकास अधिकारी